ज्याचा पासपोर्ट त्यानंच बोलायचं

मेष्ट्रु वारले त्या दिवशी मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत दुपारपर्यंत सगळी दुकानं बंद होती. माझं उघडं होतं. समोरच्या मिरचीवाल्यानं शटर ओढता ओढता माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली नाही. गिऱ्हाईक एकही आलं नाही. तरी मी गादीवर बसून राहिलो, ताके उलगडले, परत गुंडाळले आणि एक वाजता जेवायला घरी गेलो. घरी वाढणारं कोणी नाही. माझी बायको तीन वर्षांपूर्वी कॅनडाला मुलीकडे गेली ती अजून परत आलेली नाही. तिचे कागद मेष्ट्रूंनी भरले होते.

लोक मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत. मला मेष्ट्रूंबद्दल जेवढं माहीत आहे तेवढं त्या शटर ओढणाऱ्यांपैकी कोणालाही नाही.

कन्नडमध्ये मास्तरला मेष्ट्रु म्हणतात. मिरचीच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. अर्धं म्हैसूर त्यांच्या हाताखाली टायपिंग शिकलं. मीही दोन महिने गेलो. पुढे सायकलवर साड्यांचं गाठोडं बांधून एच. डी. कोट्याच्या बाजाराला जायला लागलो आणि टायपिंग सुटलं. आमचे आजे-पणजे रंगारी. कापड रंगवायचे, छापायचे. माझ्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नव्हतं, ना भट्टी, ना ठसे. गाठोड्यापासून गादीपर्यंत मी एकटा आलो, आणि तोंडाच्या जोरावर आलो. भाव करणं हे माझं शिक्षण. मला कोणी काही सांगितलं की त्याच्यापेक्षा थोडं जास्त मागितल्याशिवाय माझ्या तोंडून हो निघत नाही.

मेष्ट्रूंकडे भाव होत नसे. टायपिंगची यंत्रं भंगारात गेली तेव्हा त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि दारावर पाटी लावली: परदेशी जाण्याचे अर्ज भरून मिळतील. वर कन्नड, मग इंग्रजी, आणि सगळ्यांत खाली, कोणी बघो न बघो, मराठी. कोणत्या देशाला कोणत्या कामासाठी कोणता व्हिसा, तो किती दिवसांचा, एकाचा दुसरा करून मिळतो की माघारी येऊन पुन्हा मागावा लागतो, हे त्यांना तोंडपाठ. स्वतः ते बंगळूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. पासपोर्टसुद्धा काढला नव्हता.

"तुम्ही कुठंच का गेला नाही?" मी एकदा विचारलं.

"आमचे लोक सातारकडनं आले सावकार, घोड्यावर बसून. म्हैसूरच्या फौजेत नोकरीला. परत कधी जाणार म्हणून कोणी विचारलं नाही, म्हणून राहिले. आमच्या घरानं एवढा प्रवास केला तेवढा बास झाला."

त्यांचं वय झालं तरी पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप असायची. सायकल चोरीला जाऊन कित्येक वर्षं झाली होती. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. टाइप करताना ते कधी बोटांकडे बघायचे नाहीत, पडद्याकडेही नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. दहाही बोटं खाली आपापली चालत असायची आणि वर ते दोन डोळे तुमच्यावर. जिन्यात मिरचीचा खाट, त्यामुळे येणारा प्रत्येक जण शिंकत वर यायचा. शिंकेवरून ते सांगायचे, घाबरलेला आहे, किंवा खोटं बोलायला आला आहे.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. राहायचा तो व्हिसा. "ते स्टुडंटचं वर्क झालेलं पोरगं काल लग्नाची पत्रिका देऊन गेलं," असं म्हणायचे. रस्त्यात एखाद्या म्हाताऱ्याला हाक मारायची असली तर, "ओ व्हिजिटर, दोनदा वाढवलेले!"

कामाची त्यांची एक पद्धत होती, आणि ती मोडायला ते कोणालाही देत नसत. आधी माणसानं आपल्या घरच्या भाषेत सांगायचं, कुठं जाणार, कशाला, किती दिवस. ते पेन्सिलनं कागदावर लिहून घेणार. मग तेच त्याला मोठ्यानं वाचून दाखवणार. तो "हौदु, बरोबर" म्हणाला की मगच इंग्रजीत कॉम्प्युटरवर. आणि सांगताना खोलीत दुसरं कोणी नको. नवरा नको, बाप नको, मुलगा नको. "ज्याचा पासपोर्ट त्यानंच बोलायचं," ते म्हणायचे, आणि बरोबर आलेल्याला जिन्यात बसवायचे.

खोटं एक अक्षर लिहायचे नाहीत. एकदा ओळखीचे एक पुरोहित आले. अमेरिकेला जायचं होतं. मी तेव्हा तिथंच बसलो होतो. पुरोहितांनी मला बाहेर जायची गरज नाही म्हटलं, त्यांचं सगळं उघडंच होतं.

"जाऊन काय करणार?" मेष्ट्रूंनी पेन्सिल उचलली.

"देश बघणार."

"पूजा सांगणार काय?"

"कोणी बोलावलं तर नको कसं म्हणू मेष्ट्रु? सुम्ने आपलं, उगाच दोन-चार."

"मग टुरिस्ट न्हवे. त्याचा व्हिसा वेगळा. तिथल्या देवळाचं पत्र पायजे."

"अहो, मी फिरायलाच जातोय!"

"फिरायला जाणारा माणूस पळी-पंचपात्र नेत नाही."

"मी कुठं म्हटलं नेतो म्हणून?"

"नेणार नाही म्हणा की मग. मी लिहितो."

पुरोहित रागानं उठून गेले. दुसऱ्या कोणाकडून फिरायचा व्हिसा काढून गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. तिथल्या विमानतळावर पिशवी उघडली गेली होती. आत सोवळं, पळी-पंचपात्र आणि एका वहीत बारा सत्यनारायणांच्या तारखा. गल्ली आठ दिवस हसत होती, सगळ्यांत जास्त मी. मेष्ट्रु हसले नाहीत. पुरोहित शिंकत जिना चढून आले तेव्हा एवढंच म्हणाले, "बसा. परत पाठवलं हे आता प्रत्येक अर्जात लिहावं लागणार. तिथनं सुरुवात करू."

जास्त मुदत मागणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "जेवढं पायजे तेवढंच मागा हो. उरलं तर ठेवणार कुठं?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पन्नासदा ऐकलं असेल. मला ते भाबडेपणाचं वाटायचं. उरलेलं ठेवायला जागा नाही असा व्यापारी मी पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझ्या मनात जो किडा शिरला तो तिच्यातून शिरला.

म्हैसूरजवळच्या हिनकलची एक मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेली. नवऱ्याच्या नोकरीवर तिचा व्हिसा, म्हणून मेष्ट्रूंच्या बोलण्यात ती "हिनकलची डिपेंडंट". तिचे दुपारी फोन यायचे. मेष्ट्रु खिडकीशी जाऊन हळू बोलायचे. दोन-तीन वर्षांत कळलं की ती आता डिपेंडंट राहिलेली नाही. आधी शिकायचा व्हिसा करून घेतला, मग नोकरीचा. मग स्वतःचं वेगळं घर. एका सकाळी तिचे सासरे जिन्यातूनच ओरडत वर आले.

"आमची सून! आम्हाला न विचारता तिला रस्ते दाखवणारे तुम्ही कोण?"

"पासपोर्ट तुमचा काय?"

"काय?"

"तिचा पासपोर्ट आहे. तुमच्याशी काय बोलू? बसा, कॉफी सांगतो."

सासरे कॉफी न घेता गेले. मी त्या दिवशी मेष्ट्रूंची बाजू घेतली होती, भर गल्लीत. दुसऱ्याच्या घरातलं होतं ना.

आता माझ्या घरातलं.

मुलीला दिवस गेले आणि बाळंतपणाला आई पाहिजे म्हणाली. साहजिक आहे. माझी बायको कमी बोलणारी. तीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तिनं साड्यांना फॉल लावले, काठ शिवले. माझा आवाज मोठा आहे. बाजारात आवाज मोठा नसला तर माणसाला गाठोड्यासकट उचलून बाजूला ठेवतात. तो आवाज चपलांसारखा उंबऱ्याबाहेर काढून ठेवता येत नाही, तो घरात येतो. एकदा आमटीत मीठ जास्त झालं म्हणून मी वाटी भिंतीवर मारली होती. डाग बरेच दिवस होता. तिनं पुसला नाही आणि मीही पुसला नाही. पण हे कोणाच्या घरात होत नाही? मी तिला उपाशी ठेवलं नाही, कोणासमोर हात पसरायला लावला नाही.

तिला घेऊन मी मेष्ट्रूंकडे गेलो. मला जिन्यात बसवलं. अर्धा-पाऊण तास मी मिरचीच्या खाटात शिंकत बसलो. आत तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता, आणि मला आश्चर्य वाटलं की हिला एवढं बोलायला काय आहे.

मग मला आत बोलावलं. मेष्ट्रूंनी पेन्सिलचा कागद माझ्यापुढे केला. "व्हिजिटर. सहा महिने. अम्मांनी सांगितलं तसं लिहिलंय. बाळ चार महिन्यांचं झालं की येतो म्हणाल्या."

समोर एक आकडा आला की माझ्या डोक्यात काय होतं ते मी वर सांगितलं आहे. मी विचारलं, "जास्तीत जास्त किती मिळतं?"

"ह्याच्यात सहाच देतात. पुढं वाढवून मागायचं."

"आणि दुसरं काही नाही?"

ते म्हणाले, "आईबापांसाठी एक असतो. सुपर व्हिसा म्हणतात. एका वेळी पाच वर्षं राहता येतं. आदरे, पण त्याला मुलीच्या पगाराचे कागद, तिचं पत्र, विमा, बंगळूरला डॉक्टरची तपासणी, सगळं लागतं. अम्मांना नको तेवढं."

"तेच भरा."

"सावकार, त्यांनी सहा म्हटलंय."

"तिला काय कळतंय त्यातलं? सहा महिन्यांनी पुन्हा गरज लागली तर पुन्हा बंगळूर, पुन्हा बोटांचे ठसे, पुन्हा रांग. एकाच खेपेत पाच मिळत असताना सहा महिने घेणारा मूर्ख असतो. मी पाच वर्षांचं घेणार."

"तुम्ही न्हवे घेणार. त्या घेणार. जेवढं पायजे तेवढं..."

"तुमचं ते ऐकलंय मी!" मी टेबलावर हात आपटला. पेन्सिली खाली पडल्या. "उरलं तर राहू दे उरलेलं! तुमचं काय जातंय? पाच म्हणजे पाच!"

बायको खुर्चीवर खाली बघत बसली होती. "पाच वर्षं?" एवढंच म्हणाली.

"पाच," मी म्हटलं. "कमी कशाला घ्यायचं?"

मेष्ट्रूंनी माझ्याकडे बघितलंच नाही. तिला विचारलं, "अम्मा, काय करू हेळी, सांगा."

"हे म्हणतात तसं करा."

त्यांनी रबरानं खोडलं. खूप वेळ खोडत होते. मग पाच लिहिलं आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचून दाखवलं. ती "हौदु" म्हणाली. मी रिक्षा आणायला खाली उतरलो. सौदा चांगला झाला की चालताना पाय हलके पडतात, तसा चालत होतो.

कागद आले, ती गेली. नातू झाला. सहा महिन्यांनी मी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाली, बाळाला दात येतायत. वर्षानं म्हणाली, मुलगी नोकरीवर जायला लागलीय, बाळाकडे कोण बघणार? दुसऱ्या वर्षी काही कारणच सांगितलं नाही. मी ओरडलो की ती गप्प बसायची आणि मग फोन बंद व्हायचा. येत नाही, असं तिनं कधी म्हटलं नाही. येते, असंही नाही.

मी हिशेबी माणूस आहे. विचार केला तेव्हा सगळं जुळलं. पाच वर्षं मी सोयीसाठी मागितली होती. ती वापरायची कशी, हे त्या पाऊण तासात तिला बंद खोलीत कोणीतरी शिकवलं. हिनकलच्या मुलीला शिकवलं तसं. मी गल्लीत सांगायला लागलो. मेष्ट्रूंनी माझं घर मोडलं, असं दहा जणांजवळ म्हटलं. ते जिन्यावरून उतरताना दिसले की मी गादीवरून मोठ्यानं काहीतरी बोलायचो. ते थांबायचे, ऐकायचे आणि क्लिप नीट करून पुढे जायचे. एकदाही उत्तर दिलं नाही. त्याचा मला जास्त राग यायचा. भाव करणाऱ्याला गप्प बसणारा माणूस सहन होत नाही.

हळूहळू त्यांच्याकडे लोक येईनासे झाले. पोरं फोनवरच अर्ज भरायला लागली होती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, शस्त्रक्रिया बिघडली, माडी रिकामी केली आणि ते हिनकलला पुतण्याकडे राहायला गेले. गेल्या उन्हाळ्यात मी तिथं गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला सांगू?

व्हरांड्यात खाटेवर पडले होते. चादरीवर दहा बोटं चालू होती, टाइप करत असल्यासारखी.

"कोण?"

मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, "सुपर व्हिसा."

बोटं थांबली. "कुतकोळ्ळी सावकार. बसा."

मी बसलो नाही. मनात साठलेलं सगळं बोललो. पुतण्याची बायको दारात येऊन उभी राहिली इतका माझा आवाज चढला. तुम्ही तिला आत काय शिकवलंत? हे सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

मेष्ट्रु म्हणाले, "त्यांनी आत काय सांगितलं ते मी सांगणार नाही. ते त्यांचं. आदरे तुम्ही आत आल्यावर जे झालं ते तुमच्या समोर झालं. सहा महिने कोणी म्हटलं? पाच वर्षं कोणी म्हटली?"

"मी सोयीसाठी..."

"ते मला माहीत आहे. त्यांना कुठं माहीत होतं?"

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो.

"तुम्ही रिक्षा आणायला खाली गेलात," ते म्हणाले. "हे आतलं न्हवे, जिन्यातलं आहे, म्हणून सांगतो. अम्मा जिन्यात थांबल्या. मला विचारलं, मेष्ट्रु, हे मला घरातनं काढतायत काय? मी म्हटलं, अय्यो, नाही हो, त्यांची सवय आहे ती, काहीही मागताना जास्त मागतात. त्या म्हणाल्या, तीस वर्षं बघतेय. जे पाहिजे तेच जास्त मागतात."

पुतण्याच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं होतं. मी ते प्यालो.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पासपोर्ट तुमचा न्हवता."

"एवढे दिवस मी भर गल्लीत तुम्हाला शिव्या दिल्या! एकदा तरी बोलायचं होतं!"

"बोलणार होतो," ते म्हणाले. "रोज जिना उतरताना वाटायचं. चूक झाली असेल माझी." बोटं परत चादरीवर चालू लागली होती. "असेलच," म्हणाले.

मी निघालो. नमस्कारही केला नाही. त्यानंतर दोन महिन्यांत ते गेले, आणि मी दुकान उघडं ठेवलं. रागाचं कारण गेलं की राग जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. एक वाक्य, जिन्यातलं, त्यांनी मला त्या दिवशी रिक्षापर्यंत येऊन सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथं सहा महिन्यांवर आलो असतो. मी भाव करतो, पण उतरूनही येतो. ते त्यांनी मला करू दिलं नाही, स्वतःची पद्धत मोडू नये म्हणून. हे मी त्यांना माफ केलेलं नाही. माझं मलाही माफ केलेलं नाही, पण ते निराळं.

हिनकलहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला फोन लावला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. काय बोलायचं ते मी अंघोळ करताना, देवापुढे, चहा पिताना, पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघितलं होतं. पाच वर्षं मी मागितली ती तू जावीस म्हणून नाही. एवढंच वाक्य.

"झाली का री कॉफी?" तिनं विचारलं. आमच्याकडे नवऱ्याला 'री' म्हणतात, कन्नडमधून आलेलं.

"झाली. काल मेष्ट्रूंना बघायला गेलो होतो."

"कसे आहेत?"

"दिसत नाही त्यांना."

"अय्यो," ती म्हणाली. मागे नातू काहीतरी इंग्रजीत विचारत होता. तिनं त्याला इंग्रजीतच उत्तर दिलं. तिला इंग्रजी येतं हे मला माहीत नव्हतं.

मी तोंड उघडलं आणि ते वाक्य आलं नाही. आलं ते भलतंच. "किती दिवस झाले! आता ये की. मुदत मिळाली म्हणून काय ती संपवायचीच काय?" माझा आवाज चढला होता. मलाच ऐकू येत होतं.

फोन बंद होईल असं वाटलं. झाला नाही.

"अजून दोन वर्षं आहेत, री," ती म्हणाली. अगदी शांतपणे, फॉलचा टाका मोजून घालते तशी. "तुम्ही एवढं भांडून घेऊन दिलीत. वाया कशाला घालवायची?"